डिलीट माडु

खानापुरात माझं दुकान आहे, स्टँडच्या मागं,
सहा बाय आठ. पाटीवर कन्नड मोठं,
मराठी खाली, बारीक.
फुटक्या काचा बदलतो, चार्जिंगच्या पिना,
आणि लोकांनी रागात पुसलेले फोटो
जमलं तर परत आणून देतो.

ती पोरगी आली रविवारी, बाजार उठता उठता.
मलप्रभा पाखरे. नाव नदीचं, आवाज आटलेला.
फोन काउंटरवर ठेवला, पालथा,
मेलेली चिमणी ठेवावी तसा.

म्हणाली, कोणी मोठा माणूस यायचा होता
म्हणून पोलीस कडा मोकळ्या करत होते.
लगमव्वा कुंभारणीची गाडगी मांडलेली.
काठी फिरली.
मी झेरॉक्सच्या पायरीवरनं काढत होते,
कुणाला आडवी गेले नाही.
हुद्दार पोलीस आला. यारु नीनु? फोन कोडु.
म्हटलं, रस्ता आहे साहेब,
तुम्हाला दिसतंय तेच काढतेय.
म्हणाला, डिलीट माडु.
आजूबाजूचे म्हणाले, गप बस गं.
तो म्हणाला, सुम्मनिरु.

इथं पाट्यांवरनं भांडण होतं, बसवरच्या अक्षरांवरनं,
कुठलं गाव कुणाचं, हे माझ्या जन्माआधीपासून चाललंय.
पण गप बस आणि सुम्मनिरु
यांच्यात कधी सीमावाद झालेला
मी ऐकला नाही.

मी तिला पडद्याच्या तळाशी
कचऱ्याच्या डब्याचं चित्र दाखवलं.
पुसलेलं लगेच जात नाही, बाई.
तीस दिवस इथं पडून असतं.
त्याला ठाऊक नव्हतं, तुलाही नव्हतं.

दाबलं.
एक्केचाळीस सेकंद परत आले.

काठीचा आवाज कळत नाही त्यात. गाडग्यांचा कळतो.
भाजकी माती फुटताना एकदाच खणकते,
लगमव्वा गिऱ्हाइकाला बोटानं वाजवून दाखवते
तोच सूर, फक्त शेवटचा.
मी मोजली. सतरा.
स्टेशनच्या कागदावर नंतर आलं:
गर्दीच्या रेट्यानं दोन-तीन भांडी.

बाराव्या दिवशी रात्री, शटर अर्धं ओढलेलं,
हुद्दार वाकून आत आला. अंगात चौकड्यांचा शर्ट,
पायात चपला. ओळखायला वेळ लागला.
आणि मराठी बोलला. नंदगडकडची, आईच्या घरची.
त्या पोरीनं काढल्यालं
अजून आसंल काय रे कुठं?
साहेबांनी लिहून दिलंय, काठी माझी हुती म्हणून.
माझी नव्हती.

मला माहीत होतं.
अठ्ठाविसाव्या सेकंदाला, चौकटीच्या डाव्या कडेला,
तो दोन्ही हातांनी एक गाडगं उचलतो,
भिंतीशी ठेवतो, तोंड वर करून,
जसं घरी ठेवतात.
मग वळतो. कॅमेऱ्याकडं बघतो.
पुढचं सांगितलंच.

आहे, म्हटलं. पण माझं नाही. तिला विचारा.
तिला काय म्हणून विचारू?
नागरिक म्हणून, असं म्हणणार होतो,
पण माझ्या तोंडात ते पुस्तकी वाटलं असतं.
म्हटलं, रविवारी असते ती, त्याच पायरीवर.
रस्ता आहे. कुणीही उभं राहतं.

रविवारी दुकान उशिरा उघडलं मी.
लगमव्वा नव्या गाडग्यांना टिचक्या मारत होती,
एक कच्चं निघालं, तिनं बाजूला सारलं.
तो आला, गणवेशात, टोपी काखेत.
तोंड उघडलं. मिटलं.
मलप्रभेनं फोन वर धरला. हात हलत होता,
व्हिडिओ तसाच हलका येणार.
बोला, म्हणाली,
मराठीत बोला, कन्नडात बोला.
पण हे चालू राहील.